पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज: टाकी, मीटर, वजन आणि घाटाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "नाना, डिझेल जातं कुठं?" नाना माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. कसारा घाट त्यांना तळहातासारखा पाठ. त्यांच्याशी मी त्या सुरात बोलायला नको होतं. पण माझ्यापुढे महिन्याच्या पावत्यांचा गठ्ठा होता आणि त्यातून काढलेले दोन आकडे. नवी पिकअप लिटरला १२.८ किलोमीटर देत होती, नानांच्या हातातली जुनी फक्त ११. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, दोन्हींचं पासिंग (कागदोपत्री परवानगी असलेला माल) १.७ टन, दोन्ही नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला जाणाऱ्या. महिन्याला पंधरा खेपा, जाऊन-येऊन खेपेला ४१० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या रनिंगवर हा फरक ऐंशी लिटरच्या घरात जातो. ९० रुपये लिटरने सात हजार रुपये.

नाना रागावले नाहीत. "शेठ, एकदा हिशेब नीट लावून बघा," एवढंच म्हणाले.

हिशेब नीट लावायला मला दीड महिना लागला. डिझेल कुणी नेलेलं नव्हतं. माझी मोजायची रीत चुकीची होती, आणि ती तीन ठिकाणी चुकली होती. ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे, किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ती सगळी रीत इथे मांडतो.

पहिली चूक: महिन्याच्या पावत्या

मी काय केलं होतं? एक तारखेला मीटर लिहिला, तीस तारखेला लिहिला, वजाबाकी केली आणि महिन्याच्या पावत्यांवरच्या लिटरनी भागलं. बहुतेक जण हेच करतात. पण एक तारखेला नानांच्या गाडीची टाकी बरीच खाली आलेली होती आणि तीस तारखेला रात्रीच ती भरून उभी होती. म्हणजे न जाळलेलं वीसेक लिटर डिझेल मी त्यांच्या नावावर मांडलं. नव्या गाडीचं नेमकं उलट. महिन्याच्या सुरुवातीला टाकी भरलेली, शेवटी काटा खाली आलेला. तिने मागच्या महिन्याचं डिझेल फुकटात जाळलं.

"दोन हजारांचं टाका" म्हणून भरणं आणि रिझर्व्हचा दिवा लागला की मोजणं, याही रीतीत हाच दोष आहे. दिवा चढावर वेगळ्या वेळी लागतो, उतारावर वेगळ्या. डॅशबोर्डचा काटा तर अंदाज देण्यापुरताच असतो. डिझेल किती जळलं हे सांगणारी एकच खात्रीची खूण आपल्याकडे आहे, ती म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी.

टाकी टू टाकी, पण नियमाने

टाकी फुल करा, मीटर लिहा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल बसलं तेवढं मधल्या किलोमीटरना जळलं. ही रीत सगळ्यांना माहीत असते. गोंधळ होतो तो "फुल" या शब्दात.

पंपावर जरा वाकून बघा. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. डिझेल किंवा त्याचा फेस त्या छिद्रापर्यंत चढला की आतली हवेची ओढ बदलते आणि खटका पडतो. डिझेलला फेस फार. जोरात भरलं की टाकीत अजून जागा असताना फेसानेच खटका पडतो, हळू भरलं की उशिरा पडतो. नोझल आत किती घातलंय, यावरही फरक पडतो. पोरगा घाईत असेल तर पहिल्या खटक्यावर थांबतो. पुढचा "राउंड फिगर करतो" म्हणत आणखी दीड लिटर कोंबतो. दोन्ही पावत्यांवर आपण "फुल" लिहितो.

म्हणून आम्ही ठरवलेलं असं: खेप करून परतल्यावर, गाडी रिकामी असताना, त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडीचं तोंड त्याच बाजूला. पहिला खटका पडला की दोन मिनिटं थांबायचं, फेस बसू द्यायचा. मग हळू धारेने दुसऱ्या खटक्यापर्यंत. तिथे बंद. राउंड फिगर नाही. रिकाम्या गाडीचा आग्रह अशासाठी, की माल भरला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, गाडी मागे कलते आणि टाकीतली डिझेलची पातळीही कलते. तुम्हाला भरलेल्या गाडीतच डिझेल घ्यावं लागत असेल तर तसं घ्या, पण मग दर वेळी भरलेल्याच गाडीत घ्या.

पंपाच्या मापाची शंका असेल तर तीही एकदाच मिटवून टाका. प्रत्येक पंपावर वैध मापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण आपण वर्षाला लाखो रुपयांचं डिझेल घेतो, दहा मिनिटं मागायचा हक्क आहेच.

वहीचं एक पान

पावती उन्हात पंधरा दिवसांत पांढरी पडते, म्हणून वही. गाडीच्या कप्प्यात एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. तारीख, मीटर, लिटर (दशांशासकट), जाताना काय आणि किती किलो, येताना काय, वाटेत फार थांबावं लागलं का. एवढंच. नव्या गाडीचं पहिलं पान असं भरलं:

सुरुवात: मीटर ८४,२१०, टाकी फुल (हे लिटर हिशेबात धरायचे नाहीत)
पहिली खेप: ८४,६२२ – ४१२ किमी – ३३.१० लिटर – १२.४५
दुसरी: ८५,०३१ – ४०९ किमी – ३५.६५ लिटर – ११.४७
तिसरी: ८५,४४६ – ४१५ किमी – ३१.९२ लिटर – १३.००
चौथी: ८५,८५७ – ४११ किमी – ३४.३८ लिटर – ११.९५

तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, आणि आकडा साडेअकरापासून तेरापर्यंत हिंदकळतोय. चहाच्या टपरीवर जो माणूस "माझी तेरा देते" म्हणतो, तो खोटं बोलत नसतो. त्याने तिसरी खेप लक्षात ठेवलेली असते.

आता खालची बेरीज करा. एकूण किलोमीटर १,६४७. एकूण लिटर १३५.०५. भागाकार १२.२०. हाच त्या गाडीचा आकडा.

चार खेपा एकत्र का घ्यायच्या, ते समजलं की बाकी सगळं सोपं होतं. टाकी भरताना कितीही काळजी घेतली तरी एखाद्या लिटरचा इकडे-तिकडे होतोच. ३३ लिटरच्या एका खेपेत एक लिटर म्हणजे तीन टक्के, १२.२ चा आकडा ११.८ किंवा १२.६ दिसू शकतो. पण खेपा एकापाठोपाठ जोडल्या की मधल्या भरण्यांतल्या चुका आपोआप जिरतात. आज एक लिटर कमी बसलं तर उद्या ते जास्त बसतं. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीची चूक. १३५ लिटरमध्ये तो एक लिटर पाऊण टक्क्यावर येतो, आणि अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडतो ०.०९ चा. आठ खेपा घेतल्या तर त्याच्याही निम्मा. मी चारच्या खालचा आकडा आता तोंडातून काढत नाही.

दुसरी एक खोड इथे सांगून ठेवतो. चार खेपांच्या चार अ‍ॅव्हरेजची बेरीज करून चाराने भागू नका. खेपा सारख्या लांबीच्या असतील तर फार फरक दिसत नाही, पण भरलेली आणि रिकामी अशी सरासरी काढताना ही चूक उघडी पडते. समजा २०० किलोमीटर माल घेऊन गेलात, लिटरला १० मिळाले. २०० किलोमीटर रिकामे आलात, १५ मिळाले. डोक्यात लगेच साडेबारा येतं. पण जाताना २० लिटर जळले, येताना १३.३३. एकूण ३३.३३ लिटरमध्ये ४०० किलोमीटर, म्हणजे बरोबर १२. साडेबाराच्या हिशेबाने भाडं ठरवलंत तर दर खेपेला सव्वा लिटर पदरचं जातं. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

या रीतीने दोन्ही गाड्या पुन्हा मोजल्या. नवी १२.२०, नानांची ११.४०. फरक १.८ वरून ०.८ वर आला. निम्म्याहून जास्त चोरी माझ्या पावत्यांच्या गठ्ठ्यातच होती.

दुसरी चूक: मीटरवर डोळे झाकून विश्वास

अ‍ॅव्हरेजच्या भागाकारात लिटर खाली असतात आणि किलोमीटर वर. लिटरसाठी आपण पंपवाल्याशी वाद घालतो. किलोमीटर मात्र मीटर सांगेल ते. मीटरला रस्ता दिसत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि कंपनीने ठरवून दिलेल्या टायरच्या मापाने त्याचे किलोमीटर करतो. टायर बदलला की मीटर चुकतो.

नानांची गाडी आम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. एका संध्याकाळी ओल्या फडक्याने टायरच्या बाजूवरचा चिखल पुसला आणि खाली बसून आकडे वाचले. २३५/७५ आर १५. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं २१५/७५ आर १५. आधीच्या मालकाने रुंद टायर बसवले होते आणि वर्षभर मला पत्ता नव्हता.

या आकड्यांतून टायरची उंची काढता येते. २१५ मिलिमीटर रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे १६१.२५. ती वर-खाली दोनदा, ३२२.५. त्यात रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण ७०३.५. तसंच २३५ चं केलं की ७३३.५ येतात. मोठा टायर एका फेऱ्यात सव्वाचार टक्के जास्त रस्ता कापतो. गाडी १०० किलोमीटर चालते तेव्हा मीटर ९६ दाखवतो.

कागदावरच्या आकड्यावर थांबू नका, रस्त्यावर तपासा. मोबाइलवर जीपीएसने अंतर मोजणारं एखादं ॲप चालू करा आणि हायवेवर सरळसोट ५० किलोमीटर जा. घाट, बोगदे आणि शहराची गर्दी टाळा, तिथे जीपीएस अडखळतं. मोबाइल नको असेल तर हायवेच्या कडेचे किलोमीटरचे दगड आहेतच. एका दगडाशी मीटर वाचा, पन्नास दगड मोजून पुन्हा वाचा. फक्त नव्या बायपासमुळे दगडांचा क्रम तुटलेला नाही याची खात्री करा. नानांच्या गाडीच्या मीटरवर ५० झाले तेव्हा मोबाइलवर ५२.१ होते. ५२.१ भागिले ५०, म्हणजे १.०४२. हा त्या गाडीचा गुणक. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

नानांच्या चार खेपांचे मीटरवर १,५८० किलोमीटर दिसत होते. गुणकाने गुणल्यावर १,६४६ झाले, जे नव्या गाडीच्या १,६४७ शी जुळतात. जुळायलाच हवे होते, रस्ता एकच तर होता! हे आधीच माझ्या डोळ्यांत भरायला हवं होतं. डिझेल १३८.६ लिटर. खरं अ‍ॅव्हरेज ११.८८.

झिजलेल्या टायरचं याच्या उलट होतं. नवी नक्षी आठ मिलिमीटर धरली आणि ती झिजून दोनवर आली, तर चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरने घटते. साडेतीनशे मिलिमीटरच्या त्रिज्येत ते पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. चाक जास्त फेरे मारतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, अ‍ॅव्हरेज उगीचच चांगलं वाटतं. मग नवे टायर टाकल्यावर "अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणून लोक टायरवाल्याशी भांडतात. टायर बदलले की गुणक नव्याने काढा.

स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज दाखवणाऱ्या गाड्या आता बऱ्याच आल्यात. तो आकडा इंजिनाचा संगणक आपल्या अंदाजाने काढतो. चार खेपा टाकी टू टाकी मोजून त्याच्याशी ताडून बघा; दर वेळी अमुक टक्के जास्त दाखवतो हे एकदा कळलं की तोही कामाचा.

तिसरी चूक: वजन आणि घाट

राहिला ०.३२ चा फरक. त्याचं उत्तर वहीच्या "येताना काय" या रकान्यात होतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. इगतपुरीपर्यंत साधारण तेवढीच उंची राहते, मग कसाऱ्याचा उतार आणि पुढे भिवंडीवरून खाली वाशी, खाडीच्या काठावर. आमची गाडी भरलेली असते ती उतरताना, आणि चढते ती रिकामे कॅरेट घेऊन. या धंद्यात नाशिकच्या गाडीला मिळालेली ही मोठी सवलत आहे. भिवंडीच्या गोदामातून माल भरून नाशिकला चढणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आमच्याशी लावून बघणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

हा अन्याय किती, तेही मोजता येतं. माल धरून साडेतीन टनांची गाडी ६०० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा डिझेलमध्ये मांडली, आणि त्या डिझेलमधली एक तृतीयांश ऊर्जाच चाकापर्यंत पोहोचते असं धरलं, तर सुमारे पावणेदोन लिटर होतात. फक्त उंची चढण्याचे. रिकाम्या गाडीला त्याच्या निम्मे. उतरताना हे सगळं परत मिळत नाही, कारण घाटात आपण ते ब्रेक आणि इंजिनाच्या रोखण्यात घालवतो. घालवायलाच पाहिजे.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. डिझेल वाचवायला कसाऱ्यात किंवा माळशेजात गाडी न्यूट्रल करून सोडणारे आजही आहेत. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल तोडलं जातं, उतारच गाडीला आणि इंजिनाला फिरवतो. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलचं, म्हणजे नुसतं फिरत राहण्यापुरतं, डिझेल सुरू होतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल उलट जास्त जातं, आणि साडेतीन टन एकट्या ब्रेकवर येतात. ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे नाना प्रत्येक नव्या पोराला सांगतात.

तर नानांच्या वहीत चारपैकी दोन खेपांना परतीचं भाडं होतं, भिवंडीहून टनभर खोकी. ते मीच लावून दिलं होतं, आणि त्याचे पैसेही मीच घेतले होते. टनभर जास्तीचं वजन भिवंडीपासून वर वाहायचं आणि घाट चढवायचं, याचे खेपेला दोनेक लिटर मी अंदाजाने धरले. हे मोजलेले नाहीत, हिशेबाने काढलेले आहेत. दोन खेपांचे चार लिटर १३८.६ मधून वजा केले की उरतात १३४.६, आणि अ‍ॅव्हरेज येतं १२.२३. नव्या गाडीचं १२.२०. दोन्ही गाड्या सारख्याच चालत होत्या.

त्या रात्री मी नानांच्या घरी गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. माझं चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "आता वही माझ्याकडं राहू द्या."

दोन गाड्यांची तुलना कशी करायची

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गाड्या तपासायच्या असतील तर वजन तेवढंच, रस्ता तोच, निघायची वेळ तीच. पहाटे तीनला भिवंडी ओलांडणारी गाडी आणि सकाळी नऊला तिथे अडकणारी गाडी यांची तुलना होत नाही. वजन डोळ्याने नको, वजनकाट्यावरचं हवं. आणि ड्रायव्हर अदलाबदल करा: दोन खेपा याने ही गाडी, त्याने ती, पुढच्या दोन उलट. आकडा गाडीबरोबर राहिला तर गुण गाडीचा, माणसाबरोबर फिरला तर गुण माणसाच्या पायाचा.

एखादा बदल तपासायचा असेल, समजा ताडपत्री ताणून बांधायची किंवा ताशी ८० ऐवजी ६० ने जायचं, तर आधी चार खेपा जुन्या पद्धतीने, चार नव्या, आणि मग परत दोन जुन्या. शेवटच्या दोन लोक गाळतात. पण मधल्या काळात पाऊस थांबला असेल, थंडी पडली असेल, रस्त्याचं काम संपलं असेल, तर त्याचं श्रेय ताडपत्रीला जातं. जुन्या पद्धतीवर आल्यावर आकडा परत खाली आला, तरच बदल खरा. वेगाच्या बाबतीत निकाल बहुधा लगेच दिसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० च्या तुलनेत ८० ला पावणेदोन पटीहून जास्त. आणि उंच हौद्यावर फडफडणारी ताडपत्री हवेला चांगलीच आडवी येते.

लिटरला किती किलोमीटर, या भाषेत तुलना फसवी ठरते. ८ ची गाडी १० वर आणली तर १०० किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. १४ ची १६ वर आणली तर १०० किलोमीटरमागे एक लिटरही वाचत नाही, ०.८९ वाचतं. दोन्हीकडे "दोनने वाढलं" असंच म्हणतात. म्हणून मी वहीत आणखी एक रकाना ठेवलाय, १०० किलोमीटरला किती लिटर. पैसे लिटरचे द्यायचे असतात.

आणि माल वाहणाऱ्यासाठी शेवटचा आकडा कॅरेटमागे डिझेलचा. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं, रिकाम्या कॅरेटचं वजन धरून २२ किलो म्हणा. १.७ टनाच्या पिकअपमध्ये पासिंगच्या आत ७७ बसतात. ४११ किलोमीटर, १२.२ चं अ‍ॅव्हरेज, ९० रुपये लिटर धरलं तर: खेपेचं डिझेल ३,०३२ रुपये, कॅरेटला ३९ रुपये. आता ७५० किलोचा छोटा हत्ती (टाटा एस) घ्या. समजा तो १७ देतो. खेपेचं डिझेल २,१७६ रुपये, म्हणजे स्वस्त वाटतं. पण त्यात ३४ कॅरेटच बसतात. कॅरेटला ६४ रुपये. १७ देणारी गाडी १२ देणारीपेक्षा महाग पडली. पण तुमच्याकडे रोज तीसच कॅरेट निघत असतील तर गणित उलटतं: पिकअपला तेव्हा कॅरेटमागे शंभराच्या आसपास पडतात. अर्धी रिकामी गेली तर गाडी थोडं कमी पिते खरी, पण एवढं कमी नाही. आपल्या मालाची रोजची भरती माहीत नसेल तर गाडीची तुलना सुरूच करू नका.

कंपनीच्या पत्रकावरच्या आकड्याबद्दल थोडक्यात. तो चाचणीतला असतो, आणि अशी चाचणी करणारी आपल्याकडची मोठी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय. गाडी रोलरवर उभी असते, जवळपास वीस मिनिटांचा ठरलेला वेगाचा आराखडा असतो, त्यात सर्वांत जास्त वेग ताशी ९०. तिथे कसारा नाही, समोरचा वारा नाही, वाशीच्या गेटची रांग नाही. तेवढं अ‍ॅव्हरेज आपल्याला मिळत नाही म्हणून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. एकाच चाचणीतल्या दोन मॉडेलची एकमेकांशी तुलना करायला मात्र तो चांगला.

आकडा हलवणाऱ्या बारीक गोष्टी

टायरची हवा गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी बघा. चालून आल्यावर ती जास्तच दिसते. रांगेत इंजिन चालू ठेवलं तर अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, आणि वाशीला दोन तास सहज जातात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी गाडी अधूनमधून जाळते, त्याला जास्तीचं डिझेल लागतं. ती एखाद्या खेपेत आली की त्या खेपेचा आकडा पडतो. डिझेल उन्हाने फुगतं, दर दहा अंशाला ०.८ टक्के, पण पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने एवढा फरक क्वचितच पडतो. हे सगळं चार-आठ खेपांच्या बेरजेत बरंचसं मिटतं.

मिटत नाही तो सलग पडत जाणारा आकडा. गेल्या पावसाळ्यात नानांनी वही आणून दाखवली: १२.१, ११.८, ११.५, ११.३. वजन तेच, रस्ता तोच. त्यांनी आधी हवा बघितली, ती ठीक. एअर फिल्टर झटकला, डिझेलची गळती बघितली, काही नाही. मग वीस किलोमीटर ब्रेक फारसा न मारता गाडी चालवून आणली आणि चारही चाकांजवळ हात नेला, न टेकवता. डाव्या मागच्या चाकातून धग येत होती, बाकीची तीन कोमट. ड्रम उघडला तर चिखलाने ब्रेकचा शू अडकून बसलेला, गाडी चालताना सतत घासत होता. साफ करून मोकळा केला. पुढच्या चार खेपांची बेरीज नानांनीच लावली आणि पानाच्या तळाशी लिहिली: १,६४४ किमी, १३५.२ लिटर, १२.१६.